भाचा, दीडशे पीएस आणि "कुत्रं आडवं आलं"

हिप्परगा_वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा भाचा, वय २०, इंजिनिअरिंगला आहे. दाजींचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. पोराच्या हट्टापायी गेल्या दिवाळीत त्यांनी एक वापरलेली जर्मन सेदान घेतली. दीड लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती), २५० एनएम टॉर्क, सात गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा देशी विरुद्ध जर्मन अशा भांडणात जातो, अनुभव आहे.

जूनच्या पहिल्या पावसात, तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाच्या पुढे, गाडी दुभाजकाला आपटली, गरागरा फिरली आणि कडेच्या चारीत गेली. एअरबॅगा फुटल्या. भाच्याचं मनगट मोडलं, मागे बसलेल्या मित्राचं कॉलरबोन मोडलं आणि डोक्याला टाके पडले. बाहेरच्या कोणाला काही झालं नाही, ही सिद्धरामेश्वरांची कृपा. भाच्याचं म्हणणं, कुत्रं आडवं आलं.

विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरतेय. दाजी म्हणतात, पोरगं चांगलं शिकलं, आता तीच गाडी नवी घेऊन देतो. ताई म्हणते, स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. मध्ये मी. तर प्रश्न असा, की असा एक दणका बसला की पोरं खरंच सुधारतात का? आणि आता याच्या हातात काय द्यावं?

विजापूरनाका

मुलगा वाचला हे महत्त्वाचं.

आमची पिढी मारुती ८०० वर शिकली. ७९६ सीसी, सदतीस अश्वशक्तीच्या आसपास. ऐंशीच्या पुढे गेली की गाडीच ओरडून सांगायची, बाबा बास. दारं थरथरायची, स्टिअरिंग हलायचं. आताची टर्बो पेट्रोल १६०० आरपीएमलाच सगळा जोर हातात देते आणि आत आवाज नाही. १२० ला गाडी गेली हे गाणं ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पोरांना भीती वाटत नाही याचं कारण त्यांचं काळीज मोठं आहे असं नाही, भीती वाटायला लावणारं गाडीत काही उरलेलं नाही.

तीच गाडी परत? अजिबात नको.

कडकभाकरी

गाडीचा काय दोष? वॅगनआर घेऊन १३० ने जाणारे बघितलेत मी पुणे रोडला. सावळेश्वर टोल नाका सुटला की बघा.

बोनेट_उघडा

मालक, गाडी मी बघितली न्हाय. पण माझं गॅरेज हाय, रोज ठोकलेल्या गाड्या बघतोय. चार गोष्टी विचारू का?

कुत्रं आलं म्हणून सरळ ब्रेक मारला तर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सहसा सरळच जाती. एबीएस असतंय, ते ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ देत न्हाय. ईएससी असतंय, ते घसरणारी गाडी सरळ धरतंय. गरागरा फिरली म्हणजे मागची चाकं निसटली. ती का निसटली? टायर कसले होते? पुढं नवीन आन मागं जुने असं तर न्हवतं?

आन एक. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्यांत कुत्रं असतंय. एवढी कुत्री सोलापुरात न्हाईत हो.

हिप्परगा_वारा

बिलं काढून बघितली. बरोबर आहे तुमचं. मार्चमध्ये पुढचे दोन नवीन टाकलेत, कारण तेच झिजले होते. मागचे गाडीबरोबर आलेले जुनेच. यार्डात जाऊन फोटो काढले, मागच्या टायरवर १८२२ असा आकडा दिसतो. आणि मधल्या चरा जवळपास सपाट.

बोनेट_उघडा

१८२२ म्हणजे २०२२ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. टायरवरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष. चरांच्या तळाला बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. चर झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला.

सगळ्यांची गंमत हीच हाय. पुढं ओढणारी गाडी, म्हणून पुढचे लवकर झिजतात, म्हणून नवे पुढं टाकायचे. उलटं पायजे. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागं टाका आन मागचे बरे असलेले पुढं घ्या. पुढची चाकं निसटली तर गाडी सरळ जाती, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतंय, पाय काढला की बऱ्याचदा परत पकडती. मागची निसटली तर काय झालं हे कळायच्या आत तुमचं तोंड सोलापूरकडं झालेलं असतंय. टायर कंपन्या स्वतःच हे सांगतात, पण गिऱ्हाईकाला पटत न्हाय.

कडकभाकरी

म्हणजे पोराचा दोष नाहीच. टायरचा दोष.

बोनेट_उघडा

असं म्हणालो न्हाय मी. तेच टायर घालून ताई भाजी आणायला गेल्या असत्या तर काय झालं नसतं. ते टायर ऐंशीपर्यंत पुरत होते. पुढं न्हाय.

त्रिज्या_वर्ग

शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवतायत. मुलाचा वेग किती होता माहीत नाही, पण समजा ८० आणि समजा १३०.

ओल्या रस्त्यावर बऱ्या टायरने गाडी साधारण ०.५ जी ने, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने, थांबते असं धरू. काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरू, म्हणजे बऱ्यापैकी चपळ माणूस. ८० ला त्या एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते, मग थांबायला ५० मीटर, एकूण ७२. १३० ला एका सेकंदात ३६ मीटर, मग १३३ मीटर, एकूण १६९. वेग दीडपटीहून थोडा जास्त, अंतर दुपटीहून जास्त, कारण वेगाचा वर्ग येतो.

हे सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं. पण याच्या पुढची पायरी मुलांना फळ्यावर करायला लावतो तेव्हा वर्ग गप्प होतो. दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी आहेत, दोघांना एकाच क्षणी अडथळा दिसला. ८० वाली ७२ मीटरवर थांबली. त्याच जागेवर १३० वाली गाडी आली तेव्हा तिचा वेग किती? बहुतेक मुलं ५० म्हणतात. हिशोब करा, उत्तर १११ येतं. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना १११. पहिला एक सेकंद तर ब्रेकच नव्हता, आणि नंतरच्या ३६ मीटरांत एवढाच वेग उतरतो.

रात्री लो बीमवर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली साधारण पन्नास-साठ मीटरवर दिसते. नोव्हेंबरनंतर आपल्या जिल्ह्यात त्या किती असतात हे सांगायला नको.

पिटलेन_१३

मी २२ वर्षांचा आहे, बहुतेक इथे सगळ्यात लहान. "दणका बसला की सुधारतात का" यावर थोडं वेगळं बोलायचंय.

मॅक्स व्हर्स्टापेन २०१५ मध्ये १७ व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला. त्यानंतर नियमच बदलला, २०१६ पासून सुपर लायसन्सला, म्हणजे फॉर्म्युला वनच्या परवान्याला, १८ वर्षं पूर्ण आणि रस्त्यावरचा परवानाही लागायला लागला. २०१८ च्या सुरुवातीला तर त्याच्या जवळपास प्रत्येक शर्यतीत काहीतरी राडा. मोनाकोला सरावातच भिंतीला ठोकली, गाडी वेळेत दुरुस्त झाली नाही, शेवटून सुरुवात करावी लागली. तिथून नववा आला. त्यानंतर तो बदलला आणि २०२१ ला विश्वविजेता झाला.

आता सगळे म्हणतील, बघा, ठोकून शिकला. पण त्याने ठोकली की गॅरेजमध्ये थ्रॉटल किती टक्के, ब्रेक किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, याचे आलेख समोर येतात. तिथे "कुत्रं आडवं आलं" म्हणायची सोयच नाही. आपल्याकडे अपघातानंतर लगेच गोष्ट तयार होते, दोन दिवसांत ती घरात पक्की होते, आणि मग पोरगं जे शिकतं ते त्या गोष्टीतून. गोष्टीत कुत्रं असेल तर तो शिकतो की कुत्र्यांपासून सावध राहावं.

मामा, रागावू नका, पण तुमचा भाचा काय शिकला हे त्याला विचारा. फक्त "शिकलास ना?" असं नको. शेवटची पाच सेकंदं सांग म्हणा.

विजापूरनाका

पिटलेन, +१. वयाच्या मानाने बरं बोललास.

हाडवैद्य_नव्हे

अस्थिरोग विभागात काम करतो. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे काय परिस्थिती असते हे वेगळं सांगत नाही.

मुद्दा मागच्या सीटचा. भाच्याने बेल्ट लावला होता, एअरबॅग होती, त्याचं मनगटावर निभावलं. मित्राचं कॉलरबोन आणि डोकं. धाग्यात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो, मित्राने बेल्ट लावला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, बेल्टशिवाय. गाडी चांगल्यातली चांगली होती. त्यानंतर महिनाभर सगळे मागे बेल्ट लावत होते. मागे बेल्ट लावणं तेव्हाही कायद्याने सक्तीचं होतं, आजही आहे.

आणि क्रॅश टेस्टमधल्या पाच स्टारवर फार विसंबू नका. समोरून अर्धवट धडकेची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. १३० ला ऊर्जा त्याच्या चौपट.

सातरस्ता

सगळं वाचलं. टायर, जी, फॉर्म्युला वन. एक विचारू? हा "शिकण्याचा" खर्च कोण देतंय?

याच तुळजापूर रोडवरून कोजागरीला अख्खं सोलापूर पायी आईच्या दर्शनाला जातं. बायका, म्हातारी माणसं, अनवाणी. बाकीच्या दिवशी सायकलवाले, एसटीची वाट बघणारे, शेळ्या घेऊन चाललेले. तुमच्या भाच्याच्या गाडीने चारीकडे जाताना वाटेत कोणी नव्हतं, म्हणून आज आपण तो काय शिकला यावर चर्चा करतोय. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या पोराने पोर्शे घातली, दोन तरुण इंजिनिअर जागेवर गेले. त्यालाही सुरुवातीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. तेही शिकणंच.

दाजींना सांगा, पोरगं शिकलं हे त्यांनी ठरवायचं नाही.

हिप्परगा_वारा

सातरस्ता, लागलं. पण चुकीचं नाही म्हणणार.

एक स्पष्ट करतो, भाचा सज्ञान आहे, परवाना आहे, दारूचा विषय नव्हता. सिव्हिलमध्ये तपासणी झाली आहे.

पंचनामा

परवाना आहे म्हणून कायदेशीर बाजू बरी. अल्पवयीन असता तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १९९अ खाली दाजींनाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि पोराला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. हे वाचणाऱ्या बाकीच्या पालकांसाठी लिहितोय. होटगी रोडला क्लासच्या बाहेर संध्याकाळी उभे राहा, कोण काय चालवतंय ते बघा.

मी विम्याचा सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, तेच इथे दिसतंय. पण दाव्याच्या अर्जात अपघाताचं कारण काय लिहिलंय? कुत्रं लिहिलं असेल आणि खरं दुसरंच असेल तर आधी ते दुरुस्त करून द्या. खोटं निवेदन सापडलं तर दावा फेटाळायला तेवढं पुरतं. बऱ्याच नव्या गाड्यांच्या एअरबॅग मोड्यूलमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांची नोंद राहते, वेग, ब्रेक, बेल्ट. पिटलेनने सांगितलेले आलेख तुमच्याही गाडीत असू शकतात. इंजिनचं रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये बदल, केलं असेल आणि कळवलं नसेल तर तोही मुद्दा निघतो.

हिप्परगा_वारा

अर्जात "पावसात गाडी घसरली" एवढंच आहे, माझ्याच हाताने भरलाय. रिमॅप नाही.

काल रात्री भाच्याला हा धागा वाचायला दिला. काही बोलला नाही. जेवला आणि वर गेला. बघू.

चारीतला_मी

मी भाचा. मामांच्या फोनवरून नाही, स्वतःचं खातं काढून लिहितोय.

कुत्रं नव्हतं.

मित्राची गाडी पुढे होती. शर्यत नव्हती असं सगळ्यांना सांगितलं, पण तो पुढे गेला की मी जायचो, मी गेलो की तो. याला दुसरं काय म्हणतात माहीत नाही. पाऊस थांबून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, रस्ता काळा चमकत होता. काट्यावर १३० बघितल्याचं आठवतं, त्यानंतर बघितलं नाही.

डावीकडे हलकं वळण होतं. उजव्या लेनमध्ये दुभाजकाला लागून पाणी साचलं होतं. त्याच्या चाकांचं पाणी माझ्या काचेवर आलं आणि त्यातून त्याचे ब्रेकलाइट दिसले. मी ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला आणि त्याच वेळी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. मागून कोणी ढकलल्यासारखं झालं. ब्रेक मारला तर पेडल पायाखाली थडथड करायला लागलं. मला वाटलं ब्रेक तुटला, म्हणून पाय काढला. आणि सगळा वेळ मी दुभाजकाकडेच बघत होतो.

मागचा मित्र व्हिडिओ काढत होता, म्हणून बेल्ट काढला होता. तो व्हिडिओ आहे. मी अजून पूर्ण बघितलेला नाही.

हॉस्पिटलमध्ये पप्पांनी विचारलं तेव्हा तोंडात आलं ते बोललो. नंतर तेच सांगत गेलो. काही दिवसांनी सांगताना मला कुत्र्याचा रंगसुद्धा दिसायला लागला होता. तपकिरी.

सातरस्ता काका, तुमचं वाचलं. उत्तर नाही माझ्याकडे.

पिटलेन_१३

भावा, हे लिहायला दम लागतो.

पेडल थडथडतं ते एबीएस. ते काम करतंय असा त्याचा अर्थ. पाय काढायचा नाही, उलट पूर्ण दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची, एबीएस असतंच त्यासाठी. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात, रिव्हर्स लावतात, पण एकदा जोरात ब्रेक मारून दाखव असं कोणी म्हणत नाही. पहिली थडथड सगळ्यांनाच खऱ्या संकटात भेटते.

आणि पाय एकदम उचलणं. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यात ती गुळगुळीत, त्यात पाणी. ईएससी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करायला बघतो, पण चाक पाण्यावर तरंगत असेल तर तो धरणार कशाला?

बोनेट_उघडा

बरं केलंस बे. आता कसं जुळलं सगळं.

दुभाजकाकडं बघत होतो म्हणालास ते खरं हाय. जिकडं डोळं तिकडं हात जातात. खड्डा चुकवायला जाऊन खड्ड्यातच घालणारे रोज येतात माझ्याकडं.

त्रिज्या_वर्ग

मुला, तो व्हिडिओ पुसू नकोस. कोणाला दाखवायचाही नाही. कधीतरी एकटा बस, आवाज बंद कर, आणि रस्त्याकडेचे खांब मोजून वेग काढ. मदत लागली तर मला लिही.

सातरस्ता

उत्तर मागितलं नव्हतं. मित्राच्या घरी जाऊन हेच सांगितलंस का, एवढंच विचारतो. त्याच्या आई-वडिलांना अजून कुत्रंच माहीत असेल.

चारीतला_मी

नाही सांगितलं. जातो.

कडकभाकरी

मूळ प्रश्न राहिलाच की. गाडी कुठली द्यायची?

विजापूरनाका

माझं मत, वर्षभर कुठलीच नवी नाही. घरातली साधी गाडी, शेजारी मोठं माणूस. नंतर घ्यायचीच तर टर्बो नको, साधं बारा सीसी... म्हणजे बाराशे सीसी म्हणायचं होतं, आणि ईएससी असलेली. सनरूफ नसलं तरी चालेल.

पिटलेन_१३

कमी ताकदीची गाडी द्या, हे मान्य. पण नुसती गाडी लहान केली तर तो लहान गाडी जोरात पळवेल. पुण्यात कासारवाडीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, तिथे निदान चालवण्याचं रीतसर शिक्षण मिळतं. वेगाची हौस उरलीच तर कोइम्बतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईचा ट्रॅक आहे. लांब आहे, खर्च आहे, पण समोरून ट्रॉली येत नाही आणि दुभाजक नाही.

हिप्परगा_वारा

घरी बैठक झाली. भाच्याने दाजींसमोर सगळं सांगितलं. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, टायर मीच पुढे टाकायला लावले होते. त्यांना वाटलं आपण पोराला वाचवतोय. ताईने त्यांनाही बोलू दिलं नाही.

ठरलं ते असं. विम्याचे पैसे आले की त्यातून आधी मित्राचा दवाखान्याचा खर्च, बाकी ताईच्या नावावर ठेव. नवी गाडी नाही. ताईची वॅगनआर, तीही ताई शेजारी असताना, आणि मनगट बरं झाल्यावर. भाचा मित्राच्या घरी जाऊन आला. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चारीतला_मी

बोनेट_उघडा काका, वॅगनआरचे टायर बघून द्याल का? मागचे २०१९ चे आहेत असं वाटतंय, पण चर बरी दिसते.

बोनेट_उघडा

चर बरी असली तरी रबर कडक झालेलं असतंय. चारही टायर बघू, स्टेपनीसुद्धा. रविवारी सकाळी आण. चालवत तू येऊ नकोस, ताईंना आणायला सांग.

हाडवैद्य_नव्हे

आणि सीट कव्हर उचलून मागच्या बेल्टची बकल बघा. दहापैकी आठ गाड्यांत ती कव्हरखाली दाबलेली असतात.

हिप्परगा_वारा

बघितली. दोन कव्हरखाली, मधलं सीटच्या फटीत. रविवारी कव्हरही काढून टाकायला सांगतो.